अंगावर काढलेल्या दुखण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आमच्या भागातील माणसाच्या डोळ्यांपुढे कंधारचा किल्ला उभा राहतो, औशाचा आणि उदगीरचा किल्ला उभा राहतो. थोड्या वयस्कर माणसाला रझाकारांचे दिवस आणि १७ सप्टेंबर १९४८ आठवतो. या विषयांवर आमच्यापेक्षा अधिक अधिकारी माणसे बोललेली आहेत आणि पुढेही बोलतील. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते मोंढ्यात हमालांच्या पाळ्या लावताना, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर हिंडताना आणि रात्री सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा आम्ही ज्या इतिहासाबद्दल सांगणार आहोत त्यात राजा नाही, लढाई नाही. बाईमाणसाने अंगावर काढलेल्या एका दुखण्याचा तो इतिहास आहे. त्याची काही महत्त्वाची पाने आमच्याच मुलखात, लातूरच्या शेजारी, लिहिली गेली आहेत. पण ती आमच्या भाषेत आम्हांस कोणी वाचून दाखविलेली नाहीत.

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेत मोंढ्यात चाळणीवर काम करणारी एक बाई होती. वय चाळिशीचे. सभेला सर्वांत आधी येणारी, वर्गणी कधी न चुकविणारी. तिच्या अंगावरून अवेळी लाल जाऊ लागले, कंबर धरू लागली. तिने कोणाला सांगितले नाही. सांगावे तरी कोणाला? हे पाळीचे दुखणे, ते घरातसुद्धा खालच्या आवाजात बोलावयाचे. काही महिन्यांनी गावातल्या एका दवाखान्यात ती गेली, तेथे ताकदीची इंजेक्शने टोचली गेली. दुसऱ्या एका दवाखान्यात, न तपासताच, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल," असे सांगण्यात आले आणि पैशाचा आकडा सांगण्यात आला. त्या आकड्यासाठी तिने आमच्यापुढे पदर पसरला, तेव्हा कोठे आम्हांस हे कळले. आम्ही तिला सरकारी रुग्णालयात पाठविले. तेथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रथमच तिला नीट तपासले, पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासायला पाठविला.

तुकड्याचा कागद आला त्यावर चार शब्द होते : स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि सांगितले की असा रोगी आपण शिकत असताना एकदाच पाहिला होता. आमची सहकारी त्यानंतर आठ महिने जगली. त्या आठ महिन्यांत तिने आम्हांस एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला, "भाऊ, माझं काय चुकलं?"

तो कागद आमच्याजवळ राहिला. संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला एक सवय लागलेली असते : मालकाने पुढे केलेला कागद समजल्याशिवाय त्यावर अंगठा उठवू द्यावयाचा नाही. या कागदाचेही तसेच केले. डॉक्टरीणबाईंना त्रास दिला, शब्दकोश चाळले, जे वाचता आले ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते येथे ठेवीत आहोत.

गर्भपिशवीच्या तोंडाला बाहेरून एक पातळ आवरण असते, जसे ओठाच्या आतल्या बाजूला असते तसे. आणि आतल्या नळीला स्राव करणाऱ्या ग्रंथींचे अस्तर असते. या तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा त्या बाहेरच्या आवरणात सुरू होतो; त्याला स्क्वेमस म्हणतात. काही बायकांत तो ग्रंथींच्या अस्तरात होतो. पण याशिवाय तेथे काही मोजक्या पेशी विखुरलेल्या असतात, ज्यांचे गुण मज्जातंतूंशी आणि अंतःस्रावी ग्रंथींशी जुळतात. आमच्या सहकाऱ्याच्या कागदावरचा रोग या वळणाचा. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचे शंभर रोगी घेतले तर त्यांत असा एखाददुसरा निघतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी लहान, काळपट, एकमेकींना चिकटून दाटीने बसलेल्या दिसतात. फुप्फुसात अशाच लहान पेशींचा एक कर्करोग होतो आणि औषधेही त्याच्यावरचीच, प्लॅटिनमच्या वर्गातली व एटोपोसाइड, येथे वापरली जातात, जोडीला किरणोपचार. स्क्वेमस रोग वर्षानुवर्षे एका जागी दबा धरून बसतो. हा तसा बसत नाही. तो लवकरच रक्तातून आणि रसवाहिन्यांतून यकृतात, फुप्फुसात, हाडांत जातो. नेहमीच्या तपासणीत तो पुष्कळदा सापडतही नाही, कारण तो वरच्या थराखाली वाढतो आणि दोन तपासण्यांमधल्या काळातच मोठा होऊन बसतो. रोग सापडल्यापासून पाच वर्षे जगणाऱ्या बायका निम्म्याहून बऱ्याच कमी.

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल, मग यात करण्यासारखे काय आहे? आम्हांसही तसेच वाटले होते. पण या दुर्मिळ, उग्र रोगाच्याही मुळाशी बहुतेक वेळा तोच विषाणू सापडतो जो साध्या रोगाच्या मुळाशी आहे. म्हणजे भाऊबंद वेगळे, पण घराणे एक. आणि त्या घराण्याचा शोध कसा लागला ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

चरक-सुश्रुतांनी स्त्रीच्या या भागाच्या वीस व्याधी सांगितल्या आहेत आणि गाठीला अर्बुद असे नाव दिले आहे. म्हणजे दुखणे जुने आहे. पण ते कोणाला होते, कोणाला होत नाही, हे मोजण्याची बुद्धी प्रथम इटलीतल्या वेरोना शहरी झाली. रिगोनी-स्टर्न नावाच्या गृहस्थाने शहरातल्या सुमारे ऐंशी वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी काढल्या आणि १८४२ साली दाखवून दिले की मठातल्या जोगिणींत गर्भाशयाच्या कर्करोगाने मरणाऱ्या थोड्या, संसारी बायकांत पुष्कळ. पुढे ग्रीस देशातून न्यूयॉर्कला पोट भरण्यासाठी गेलेल्या पापानिकोलाऊ या डॉक्टराने काचेच्या पट्टीवर स्राव पसरून त्यातल्या बिघडलेल्या पेशी ओळखण्याची युक्ती काढली. १९२८ साली त्याने ती मांडली तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९४३ साली पुस्तक आले तेव्हा जगाने मान डोलावली. आपली पत्नी मेरी हिच्याच पट्ट्या त्याने वर्षानुवर्षे तपासल्या. पुस्तकावर तिचे नाव नाही. दुसऱ्या डॉक्टराचे आहे.

विषाणूचा छडा लावला तो जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी. १९८३ साली त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार या रोगाच्या गाठीत सापडला, पुढल्या वर्षी अठरावा. या शोधाबद्दल त्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लहान पेशींच्या रोगात विशेषेकरून सापडतो तो हा अठरावा.

हा विषाणू शरीरसंबंधातून जातो, आणि येथेच आमच्याकडे कुजबूज सुरू होते. म्हणून स्पष्ट सांगतो. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांस तो आयुष्यात केव्हा ना केव्हा चाटून जातो. बहुतेकांचे शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला घालवून देते. थोड्यांत तो मुक्काम करतो. कोणात मुक्काम करील हे चालचलणुकीवर ठरत नाही. एका नवऱ्याबरोबर वीस वर्षे कष्टात काढणाऱ्या बाईलाही तो होतो. आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते, आणि ते आम्हांस मिळाले तेव्हा ऐकायला ती नव्हती.

याच अठराव्या प्रकाराशी एका काळ्या मजूर बाईची कथा बांधली गेली आहे. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया प्रांतात तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात तिच्या पिशवीच्या तोंडाच्या गाठीचा तुकडा काढला, तो तिला न विचारता प्रयोगशाळेत पोहोचला. त्या पेशी मरेचनात. बाई मात्र त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, एकतिसाव्या वर्षी वारली. तिचा रोग नेहमीपेक्षा फारच वेगाने पसरला. का, ते पुढे वीस वर्षांनी जुन्या काचपट्ट्या पुन्हा पाहिल्यावर उमगले. तो ग्रंथींच्या अस्तरातला कर्करोग होता, आवरणातला म्हणून नोंदविला गेला होता. तिच्या पेशींवर पोलिओच्या लसीची परीक्षा झाली, त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत त्यांतच अठरावा विषाणू दिसला, जगभर त्यांचा व्यापार झाला. तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ साली. आम्ही मजुरीची थकबाकी वसूल करणारी माणसे. बहात्तर वर्षांची थकबाकी आम्हीसुद्धा पाहिलेली नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९४१ साली मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक होतो याचा अभ्यास सुरू केला. पण मुंबई तेव्हा आम्हांस परदेश. नांदेड, लातूर हे निजामाच्या राज्यात. आमची राजधानी हैदराबाद. नांदेडचा रोगी गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने हैदराबादकडे जावयाचा. तेथे रेडियमचे रुग्णालय निघाले १९५५ साली, मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकाराने. आज ते त्यांच्याच नावाने चालते. पुढल्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. राजधानी बदलली, म्हणजे रोग्याने जावयाची दिशाही बदलली. देवगिरी एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात एकदा प्रवास करून पाहावा : मांडीवर फायलींची पिशवी, तीत क्ष-किरणांच्या काचा, आणि उतरल्यावर दादरला गाडगेमहाराजांची धर्मशाळा कोठे आहे ही चौकशी. ही गाडी आमच्या भागाचे फिरते रुग्णालय आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

लातूरची गोष्ट वेगळी. लातूरला १९११ साली आली ती बार्शीची छोटी गाडी, अडीच फुटी रुळांची. आमच्या लहानपणी ती शेवटच्या घटका मोजीत चालत होती. चढावर पोरे उतरून तिच्याबरोबर पळत. या गाडीमुळे लातूरकरांस बार्शी हे जवळचे गाव. आणि योगायोग असा की या रोगाच्या इतिहासात बार्शीचे नाव जगभर झाले.

मुंबई शहरात कर्करोगाची नोंदवही सुरू झाली १९६३ साली. शहरातला कोण बाईमाणूस कोणत्या कर्करोगाने आजारी पडले हे त्यामुळे कळू लागले. खेड्यातल्यांचे काय? त्यांची मोजदादच नव्हती. खेड्यात बाई "पोटात गोळा उठून" मरे, "रक्त जाऊन" मरे. भारतातली ग्रामीण भागाची पहिली नोंदवही निघाली १९८७ साली, बार्शीत, टाटा स्मारक केंद्र आणि नर्गिस दत्त यांच्या नावाचे तेथील कर्करोग रुग्णालय यांच्या आधाराने. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी. खेड्यातला रोगी आपण होऊन दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंद करणारी माणसेच गावोगाव गेली. घरी जाऊन विचारू लागली. पहिल्या काही वर्षांतच दिसले की बायकांत सर्वांत जास्त हाच, पिशवीच्या तोंडाचा कर्करोग, आणि त्याही बहुतेक येतात त्या रोग पसरल्यावर.

येथे एक लहान पण आम्हांस फार मोलाची वाटणारी गोष्ट घडली. नोंद करणारे गावात जात तेव्हा बायकांना चार लक्षणेही सांगत : अवेळी रक्त, संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, घाण वासाचे पाणी. दुसरे काही नाही, फक्त सांगत. तेवढ्यानेच काही वर्षांत आधीच्या अवस्थेत येणाऱ्या रोग्यांचे प्रमाण वाढले. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९५ साली जगापुढे मांडले. यंत्र नव्हते, औषध नव्हते, बोलणे होते. आमचा सारा धंदाच बोलण्याचा, म्हणून कदाचित आम्हांस ही गोष्ट इतकी आवडत असेल.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीची जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादची नावे जगाच्या वर्तमानपत्रांत आली. गावे नव्याने वसत होती त्याच काळात, १९९९ साली, उस्मानाबाद जिल्ह्यात (आजच्या धाराशिवात) दुसरे एक काम सुरू झाले. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. म्हणजे बायका आमच्याच, सोयरिकी आमच्याच. फ्रान्समधल्या लिऑन शहरी जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, तेथले डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि टाटा केंद्र यांनी ते उचलले. पैसा अमेरिकेच्या गेट्स प्रतिष्ठानाचा.

प्रश्न सरळ होता. आयुष्यात एकदाच तपासणी करावयाची तर कोणती केली असता बाई वाचेल? जिल्ह्यातल्या खेड्यांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यांत होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे गटांचे चार भाग केले, प्रत्येकात तेरा गट. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पापानिकोलाऊची काचपट्टी, तिसऱ्यात सिरक्यासारखे सौम्य आम्ल पिशवीच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबावयाचे आणि पांढरा डाग उठतो का हे डोळ्यांनी पाहावयाचे. बिघडलेली जागा पांढरी पडते. एवढे साधे ते शास्त्र. जेथे काही सापडले तेथे दुर्बिणीसारख्या यंत्राने पाहून, गोठवून किंवा कापून तो भाग काढावयाचा. चौथ्या भागातल्या बायकांची तपासणी करावयाची नाही. त्यांना माहिती द्यावयाची आणि जी सोय मुळात आहे ती तशीच ठेवावयाची.

आम्ही गावोगाव सभा घेतो. पन्नास बायका एका पारावर गोळा करावयाच्या म्हणजे काय पडते हे आम्हांस माहीत आहे. येथे तर त्यांना जाजमावर बसवून भाषण ऐकवावयाचे नव्हते, लुगडे वर घेऊन तपासून घ्या असे सांगावयाचे होते. आणि तरी विषाणूच्या भागात बोलाविलेल्या दर पाच बायकांतल्या जवळपास चार आल्या. जे लोक म्हणतात की खेड्यातली बाई अडाणी, ती पुढे येत नाही, त्यांनी हा आकडा खिशात ठेवावा. बाई येते. तिला बोलावणारे माणूस ओळखीचे पाहिजे, आडोसा पाहिजे, आणि मजुरी बुडता कामा नये.

आठ वर्षांनी हिशेब केला आणि २००९ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या साप्ताहिकात तो छापला. विषाणू तपासणीच्या भागातल्या ३४,१२६ बायकांत पसरलेल्या अवस्थेचा कर्करोग ३९ जणींना. न तपासलेल्या ३१,४८८ बायकांत ८२ जणींना. मृत्यू तिकडे ३४, इकडे ६४. काचपट्टीने आणि आम्लाने, एकदाच केले असता, मृत्यूंत भरवसा ठेवण्याजोगा फरक पडला नाही. (मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, ते २०१३ साली कळले. म्हणजे साधी तपासणी वाईट नव्हे. ती पुन्हापुन्हा करावी लागते.) पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूची तपासणी हीच पहिली तपासणी असावी अशी शिफारस केली, तिच्या पायात जे दगड आहेत त्यांतला एक उस्मानाबाद जिल्ह्याच्या रानातला आहे.

पण त्या ६४ जणींचे काय? हा प्रश्न आम्ही प्रथम विचारलेला नाही. अमेरिकेतले एक डॉक्टर, एरिक सुबा, यांनी भारतातल्या अशा अभ्यासांवर कडक आक्षेप घेतला आणि २०१४ साली वैद्यकीय नीतीला वाहिलेल्या भारतीय नियतकालिकात त्यावर बरेच शब्द झाले. त्यांचे म्हणणे, काचपट्टीने रोग टळतो हे पन्नास वर्षे ठाऊक असताना हजारो बायकांना विनातपासणीचे ठेवणे अन्याय्य होते. संशोधकांचे म्हणणे, त्या भागात तपासणी अशी मुळी नव्हतीच. जे नव्हते ते आम्ही हिरावून घेतले नाही, उलट जे झाले त्याने देशाला उत्तर मिळाले.

आम्ही दोन्ही बाजू वाचल्या. बार्शीच्या माणसांनी उन्हातान्हात जे केले त्याला आमचा नमस्कार आहे. त्यांच्या आधी या बायकांच्या दारात कोणी गेले नव्हते. पण "नेहमीची सोय" हा शब्द वाचला की आमच्या अंगावर काटा येतो. कामगारांच्या वाटाघाटीत मालक नेहमी हेच म्हणतो : तुम्हांला पूर्वी जे मिळत होते त्यातले आम्ही काही काढलेले नाही. पूर्वी मिळत होते ते शून्य होते. शून्याला सोय म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न लिऑनने आणि बार्शीने सोडवावयाचा नव्हता. तो सोडवावयाचा होता सरकारने, आणि अभ्यासाच्या किती तरी आधी. राग आला तर तेथे यावा, असे आमचे मत आहे. आमच्याच संघटनेतल्या काही तरुणांना हे मत मवाळ वाटते, हेही नमूद करतो.

तिसरे पान लसीचे. लस जगात आली २००६ साली. २००९ मध्ये भारतात दोन ठिकाणी दोन वेगळी कामे चालू झाली, आणि लोक आजही त्यांची गल्लत करतात. एक, खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांतल्या मुलींना लस देऊन पाहण्याचे. खम्मम हा आमच्यासारखाच जुन्या निजामी राज्यातला मुलूख. तेथे वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतीवर आईबापांऐवजी अधीक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्या. काही मुली दगावल्या. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे नव्हेत असे ठरले, पण सह्यांचा प्रकार उघडा पडला. एप्रिल २०१० मध्ये काम बंद झाले आणि २०१३ साली संसदेच्या समितीने कडक ताशेरे मारले. त्याचा परिणाम असा झाला की पुढची कित्येक वर्षे लस हा शब्द उच्चारण्यास कोणी धजेना. संमतीत केलेली काटकसर किती महाग पडते याचा हा धडा सरकारी खात्यांनी पाठ करावा असा आहे.

दुसरे काम लिऑनच्याच संस्थेचे, देशात नऊ ठिकाणी, त्यांत बार्शीही. मुलींना तीन टोचण्या द्याव्यात की दोन पुरतात, एवढे पाहावयाचे होते. खम्ममच्या गडबडीत सरकारने सर्वच टोचण्या थांबविल्या, आणि हजारो मुलींना पहिलीच टोचणी मिळून गेली, दुसरी मिळालीच नाही. अभ्यास मोडला असे सर्वांस वाटले. पण संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, असे दिसले की एकाच टोचणीने सोळाव्या आणि अठराव्या विषाणूच्या मुक्कामापासून जवळजवळ तेवढेच रक्षण होते. २०२२ साली जागतिक संघटनेने एका टोचणीची पद्धत मान्य केली. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यातल्या मुलीचे आज एका टोचणीत भागत असेल तर त्यात बार्शी भागातल्या कोणा शेतकऱ्याच्या मुलीचा, तिला माहीत नसलेला, वाटा आहे. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या सीरम संस्थेची देशी लस बाजारात आली.

आणि लहान पेशींचा तो उग्र रोग? त्यावर तपासणीचा इलाज अपुरा आहे हे वर सांगितलेच. पण सोळावा आणि अठरावा विषाणू जर मुळातच शिरला नाही, तर त्याही रोगाचा बहुतेक वाटा उगवणार नाही, असे मानण्यास सबळ कारण आहे. आमच्या सहकाऱ्याला दोन मुली आहेत.

२०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार मरतात. या भीतीचा बाजार कसा होतो तेही पाहिले पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. आरोग्य खात्याने ८२,३०९ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पुष्कळ जणी तिशीच्या आतबाहेर. अनेकींना सांगितले गेले होते तेच जे आमच्या सहकाऱ्याला सांगितले गेले : "कॅन्सर होईल." तपासणी नाही, तुकडा नाही, एकदम पिशवी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर. एकाने दिवस पाडला की खाडा, आणि खाड्याचा दंड. महिन्याची पाळी म्हणजे महिन्याचा खाडा. अशा हिशेबात पिशवी हेच नुकसानीचे कलम ठरते. आमच्या कंधार, मुखेड, अहमदपूरच्या टोळ्यांतही हा हिशेब बायकांच्या तोंडून आम्ही ऐकला आहे. पिशवी गेलेल्या बाईची पुढे कंबर जाते, हाडे ठिसूळ होतात, आणि मोळी डोक्यावर चढत नाही. ते कोणी तिला आधी सांगत नाही.

आता कारखान्यांच्या पट्टा पडण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या निघतात तेव्हा आम्ही तपासणीचा एक दिवस ठरवितो. डॉक्टरीणबाई येतात, शाळेच्या एका खोलीला चादरी लावून आडोसा करतो. पहिल्या वर्षी दुपारपर्यंत कोणी आले नाही. मग एक म्हातारी सुईण आली, म्हणाली, माझे तर सगळे संपले आहे, मलाच आधी बघा म्हणजे पोरी येतील. पोरी आल्या. संध्याकाळी त्यांनीच बसून एक मागणी लिहविली : तपासणीचा दिवस, आणि काही निघाले तर औषधोपचाराचे दिवस, खाड्यात धरू नयेत, ते कारखान्याने भरावेत. आमच्या मागणीपत्रकात ती अकराव्या क्रमांकावर घातली. पुढल्या बैठकीत बायकांनी ती तिसऱ्या क्रमांकावर आणायला लावली. मुकादमांनी वाचून ती बाजूला ठेवली आहे, कारखान्यांकडून अद्याप उत्तर नाही. येत्या हंगामाच्या बोलणीत ती पुन्हा पुढे येईल.